उभ्या अक्षाचं नाव

नावं ठेवायचे पैसे जगात कुणी कुणाला देत नाही. शेजारी, नातेवाईक, एकाच जिन्यावरून चढउतार करणारी माणसं हे काम पिढ्यान् पिढ्या फुकटात करत आली आहेत. बाईंना मात्र त्याचा महिन्याच्या महिन्याला पगार मिळे. त्या एका संगणक कंपनीत नोकरीला होत्या आणि कंपनीचा कार्यक्रम, म्हणजे सॉफ्टवेअर, पडद्यावर जे जे दाखवायचा, त्या प्रत्येक बटणाला, खिडकीला आणि आलेखाला काय म्हणायचं, हे ठरवणं एवढंच त्यांचं काम. ऑफिसात त्यांना सगळे ‘नाववाल्या बाई’ म्हणत. त्यांचं स्वतःचं नाव काय, हे फक्त पगार काढणाऱ्याला ठाऊक असावं.

हा कार्यक्रम मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रासाठी होता. हे यंत्र म्हणजे एक अतिशय चिकित्सक द्वारपाल. त्याला पाणी द्या, औषध द्या, रक्त द्या, थेंबभर पुरतं. तो थेंब आधी एका बारीक नळीतून जातो. नळीत त्यातले पदार्थ पांगतात, कुणी लगबगीनं पुढे निघतो, कुणी रमतगमत मागून येतो. नळीच्या दाराशी यंत्र बसलेलं असतं, ते येईल त्याला विजेचा भार देऊन त्याचा आयन करतं आणि मग वजन करतं. या सगळ्याचा पडद्यावर आलेख उमटतो, त्याला क्रोमॅटोग्राम म्हणतात. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर किती आलं ते. कुणी आलं नाही तोवर रेघ सपाट, आलं की डोंगर. प्रयोगशाळेतली मंडळी त्या डोंगराला ‘पीक’ म्हणत. बाई नव्या होत्या तेव्हा ‘आज पीक झकास आलंय’, ‘दोन पिकं एकमेकांत शिरलीत’ असलं काही कानावर पडलं की आपण चुकून शेतकी खात्यात रुजू झालो की काय, अशी शंका त्यांना येई.

कार्यक्रमाची नवी आवृत्ती निघायची होती आणि नावांचा घोळ झालेला होता. एकाच आलेखाला चार खिडक्यांत चार नावं. ज्या चौघांनी त्या खिडक्या बांधल्या त्यांचं आपसात पटत नव्हतं, त्यामुळे जो तो आपल्या मुलाचं बारसं करावं तसं करून गेला होता. एकानं ‘निवडक आयन क्रोमॅटोग्राम’ म्हटलं, दुसऱ्यानं ‘वस्तुमान क्रोमॅटोग्राम’, तिसऱ्यानं नुसतं ‘मागोवा’, आणि चौथा नोकरी सोडायच्या घाईत होता, त्यानं ‘आलेख दोन’ लिहून गाशा गुंडाळला होता. बाईंनी पदर खोचला. एकूण आयन क्रोमॅटोग्राम म्हणजे त्या क्षणी दाराशी आलेली सगळी गर्दी मोजायची. सर्वोच्च पीक क्रोमॅटोग्राम म्हणजे गर्दीतला सगळ्यात धिप्पाड तेवढाच मोजायचा, बाकीचे त्याच्या पाठीमागे लपले तर लपले. आणि निवडक म्हणजे एकाचं नाव घेऊन हाक मारायची, तो आला तरच मोजायचा. अशा तीन चुली बाईंनी वेगळ्या केल्या आणि एका नावाखाली दुसऱ्याची भाकरी भाजायला बंदी केली. उभ्या अक्षाचं नाव तेवढं शेवटी ठेवलं. तिथे ‘तीव्रता’ असं लिहिलेलं होतं आणि शून्यापासून शंभरापर्यंत आकडे होते. त्यात काय करायचंय, असं त्यांना वाटलं.

ही नावांची खोड ताईची. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. दोघींनी लग्नं केली नाहीत. ताई शाळेत शिकवायची आणि घरी आल्यावरही शिकवणं थांबवायची नाही. ‘ते तिथलं ते दे गं’ असं म्हटलं की ताई जागची हलत नसे. “ते म्हणजे कोण? त्याला आईबापांनी काही नाव ठेवलंय की नाही?” म्हणायची. दोन खोल्यांचं घर, समोरासमोर दोन खुर्च्या आणि झाऱ्याला झारा, उलथन्याला उलथनं म्हणेपर्यंत जेवण नाही, अशी शिस्त. गेल्या वर्षी ताई हृदयाच्या दुखण्यानं गेली. तेव्हापासून घरात कशालाही ‘ते’ म्हटलं तरी चालत होतं. बाईंना सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

निवडक क्रोमॅटोग्रामची खिडकी तपासायला बाई एका दुपारी तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथल्या यंत्राची देखभाल एक तरुणी करायची. सगळे तिला सुईवाली म्हणत, कारण नमुना आत सोडणारी यंत्राची सुई तिच्याशिवाय कुणाचं ऐकत नसे.

“मावशी, आत्ता कोरा नमुना चाललाय,” सुईवाली म्हणाली. “म्हणजे नुसता द्रव, त्यात काही नाही. तुम्हाला खिडकीची नावंच बघायचीत ना? विचारा त्याला काहीही. मी बाटल्या बदलून येते.”

खिडकीत पदार्थाचं नाव किंवा वजन लिहायची चौकट होती. यादीत औषधंही होती. बाईंच्या बोटांनी त्यांना न विचारता ताईच्या हृदयाच्या गोळीचं नाव लिहिलं. रोज संध्याकाळी आठवण करून द्यायची सवय, दुसरं काय. त्यांनी बटण दाबलं.

सपाट रेघेच्या मधोमध एक डोंगर उभा राहिला. चांगला देखणा, शंभरापर्यंत पोचलेला, दोन्ही बाजूंनी हळूच उतरणारा.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. खोलीत पंप टिकटिकत होता, तेवढाच आवाज. मग त्यांनी आपल्या अंगावरच्या स्वेटरकडे पाहिलं. तो ताईचा होता. त्यांनी तो काढला, बाहेर व्हरांड्यातल्या खुंटीवर टांगला, हात कोपरापर्यंत धुतले आणि परत येऊन बसल्या. पुढचा कोरा नमुना गेला. डोंगर आला. पण या वेळी जरा डावीकडे.

सुईवाली आली तेव्हा बाईंनी खिडकी बंद केलेली होती.

“झाली का नावं?”

“थोडी राहिलीत,” बाई म्हणाल्या. “उद्या येईन.”

त्या उद्या आल्या, परवा आल्या, रोज येत राहिल्या. इतकी नावं कुठे राहिली होती म्हणा. सुईवाली कोरा नमुना लावून जेवायला गेली की बाई त्या खिडकीपाशी बसत आणि हाक मारत. ताई रोज येई. जागा मात्र रोज वेगळी. कधी सुरुवातीलाच, जिना चढून धापा टाकत आल्यासारखी अणकुचीदार. कधी अगदी शेवटी, बुटकी आणि रुंद, पाय ओढत. आजारपणात ताईचं असंच झालं होतं, एका जागी तिला करमत नसे. या खुर्चीवरून त्या खुर्चीवर, मग खिडकीत, मग परत. एकदा डोंगराला दोन शेंडे आले. एक मोठा आणि त्याला खेटून एक धाकटा. त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही.

घरी त्यांनी कुणाला सांगितलं नाही, सांगायला होतं कोण. पण घर बदललं. दिवेलागणीला त्या पाण्याचा पेला भरायच्या आणि समोरच्या खुर्चीपाशी ठेवायच्या, गोळीसोबत लागतो तसा. सकाळी पेला भरलेलाच असे. एकदा तो बोटभर रिकामा दिसला. पाणी उडून जातं, हे बाईंना कळत होतं. त्यांनी तरी पेल्याची कड उजेडात धरून बघितली. आणि त्या पुन्हा नीट बोलू लागल्या होत्या. रिकाम्या स्वयंपाकघरात “झारा कुठं गेला” असं मोठ्यानं म्हणत, ‘ते’ म्हणत नसत. कुणीतरी ऐकतंय अशा बेतानं बोलायची सवय माणसाला फार चटकन लागते. भीती वाटायला हवी होती. वाटतही होती. पण पाहुणा कितीही विचित्र असला तरी घरात पाहुणा आहे, याचं म्हणून एक सुख असतं.

मग तो फोन आला. चौकशीवाल्यांनी तो बाईंकडे ढकलला. “मॅडम, हे गृहस्थ अर्थ विचारतायत. अर्थ म्हटलं की तुम्ही.”

गृहस्थ लांबच्या एका गावात पाणी तपासायचे. नवं यंत्र, चाचणीसाठी आधीच दिलेली नवी आवृत्ती, एकटा माणूस. आवाज झोप न झालेल्याचा.

“मॅडम, उभ्या अक्षावर शंभर लिहिलंय. ते शंभर काय?”

“तीव्रता,” बाई म्हणाल्या.

“ते लिहिलंय हो. शंभर काय पण? मी विहिरीच्या पाण्यात कीटकनाशक बघतोय. आहे, शंभर. नळाच्या पाण्यात बघितलं. शंभर. बाटलीतलं विकतचं आणलं, त्यातही तेच. विहिरी बंद करायला लावल्या मी. लोक माझ्या अंगावर आले. मग यंत्राचाच स्वच्छ द्रव घातला, ज्यात काही नसतं.”

“आणि?”

“आहे, मॅडम. हाक मारली की उभं राहतं. आणि रोज जागा बदलतं. काल डावीकडे होतं, आज मधे आलंय. तुम्ही हसाल, पण ते जवळ येतंय असं वाटतं.”

बाई हसल्या नाहीत. हे वाक्य त्यांच्या मनात होतं, त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, आणि ते कोसांवरच्या एका परक्या माणसाच्या तोंडून येत होतं.

“मुलीला तिच्या मामाकडे पाठवलंय,” गृहस्थ म्हणाले. “आम्ही दोघं तहान लागली की ओठ ओले करतो. बायको म्हणते तुम्हाला लागिर झालंय. मला तेवढं शंभर काय ते सांगा.”

“सांगते,” बाई म्हणाल्या. “मला एक दिवस द्या.”

फोन ठेवून त्या तडक खाली गेल्या. सुईवाली असतानाच खिडकी उघडली. कोरा नमुना चालू होता. त्यांनी एका रंगाचं नाव लिहिलं. डोंगर. झुरळांच्या औषधाचं लिहिलं. डोंगर. मग पदार्थच नको म्हणून डोळे मिटून अंकांच्या कळांवर बोटं आपटली आणि जे वजन उमटलं त्याला हाक मारली. त्या वजनाचं काही या जगात असेल-नसेल, देव जाणे. पण ते आलं. आज्ञाधारकपणे, शंभरापर्यंत. आपण एका दारापाशी बसलोय आणि कुणाचंही नाव घेतलं, न घेतलं, तरी अंधारातून कुणीतरी ‘ओ’ देतंय, असं त्यांना झालं.

“हे रिकाम्यात कसं येतं गं?” त्यांनी विचारलं. आवाज जितका साधा ठेवता येईल तितका ठेवला.

सुईवाली खांद्यावरून डोकावली. “अगंबाई, तुम्ही या खिडकीत बघताय होय? ही नव्या गिऱ्हाइकांसाठी सजवलीय. आम्ही ती उघडतसुद्धा नाही, आमची मोजपट्टी वेगळी लावलेली असते. ते यंत्र नाही करत मावशी, पडदा करतो. जे सगळ्यात उंच सापडेल त्याला तो शंभर मानतो आणि खिडकीभर ताणतो. वर इस्त्री फिरवून गुळगुळीत करतो. काहीच नसलं तरी काहीच नसण्यातलं सगळ्यात उंच असं काहीतरी असतंच ना.”

“आणि जागा बदलते ती?”

“गोंगाटच तो, यंत्राची आपोआपची थरथर. गोंगाटाला कुठली आलीय जागा.”

बाई मान हलवून वर गेल्या. कळलं होतं, अगदी लख्ख. पण कळणं एक आणि दिसणं एक. उद्या त्या खिडकीपाशी बसून त्यांनी हाक मारली असती तर ताई आली असतीच. अक्षावर ‘तीव्रता’ लिहिलेलं आहे तोवर ती रोज येणार होती. आणि तिथे काय लिहायचं, हे या इमारतीत एकट्या बाईंच्या हातात होतं.

त्यांनी साहेबांना गाठलं. साहेब म्हणजे या आवृत्तीचे कारभारी, कायम घाईत, कायम गोड. बाईंनी सांगितलं की अक्षावर ‘सापेक्ष तीव्रता, या आलेखाच्या सर्वोच्च बिंदूच्या टक्क्यांत’ असं लिहायला हवं, आणि कोपऱ्यात तो सर्वोच्च बिंदू खरा किती आहे, तो आकडा. आणि दोन आलेख शेजारी ठेवले की दोघांना एकच मोजपट्टी.

“बाई, केवढं लांब नाव,” साहेब म्हणाले. “लग्नपत्रिका आहे का ती? ‘तीव्रता’ कसं सुटसुटीत आहे. आणि खरं सांगू, रिकामी खिडकी दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं बिघडलंय. डोंगर दिसला की तो खूश असतो.”

“एक गिऱ्हाईक पाणी पीत नाहीये.”

साहेबांनी घड्याळ बघितलं. “एकजण. त्याला समजावा फोनवर. बाकी तुम्ही म्हणाल ते नाव. नावांत मी पडत नाही. राहू द्या म्हणालात तर राहील, बदला म्हणालात तर संध्याकाळपर्यंत बदलून देतो. तुमची मर्जी.”

अशी मर्जी सांभाळणारा साहेब बाईंना त्या क्षणी मुळीच आवडला नाही. त्यानं हट्ट धरला असता तर त्या सुटल्या असत्या. नाइलाज झाला म्हणून घरी गेल्या असत्या, पेला भरला असता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खाली जाऊन बसल्या असत्या. कुणी बोट दाखवलं नसतं. आता ‘राहू द्या’ हे दोन शब्द त्यांना स्वतःच्या तोंडानं म्हणायचे होते, आणि लांब कुठेतरी एक माणूस ओठ ओले करून उद्याची वाट बघत होता.

“बदला,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या घरून एक गोळी घेऊन आल्या. औषधांच्या डब्यात ताईची शेवटची पट्टी अजून होती. नव्या मोजपट्टीच्या शेजारी काहीतरी खरं ठेवून बघायला हवं, असं त्यांनी सुईवालीला सांगितलं. तेही खोटं नव्हतं.

“अख्खी?” सुईवाली म्हणाली. “अख्खी घातलीत तर महिनाभर नळी धूत बसेन मी. कणभर द्या. टाचणीच्या डोक्याएवढा पुरे.” तिनं कण खरवडला, विरघळवला, पातळ केला, परत पातळ केला. “कुणाची गोळी ही?”

“माझ्या बहिणीची. आता लागत नाही तिला.”

सुईवालीनं आधी कोरा नमुना सोडला. बाईंनी नव्या खिडकीत नाव लिहिलं, हाक मारली, आणि डोंगर आला, उजवीकडे, दोन शेंड्यांचा. कोपऱ्यात आता त्याची खरी उंची लिहिलेली होती. आकडा इतका केविलवाणा होता की बाईंनी चष्मा पुसून तो परत वाचला. “बस जरा,” त्या डोंगराला म्हणाल्या, ओठ न हलवता. मग गोळीचा नमुना गेला.

वाट बघायची होती. पंप टिकटिकत होता. रेघ सपाट, सपाट, सपाट, आणि मग ज्या जागी इतक्या दिवसांत एकदाही काही आलेलं नव्हतं, तिथे ती उठली. सरळ, अरुंद, एका शेंड्याची. शेजारच्या खिडकीतल्या कोऱ्या नमुन्यानं त्याच क्षणी नवी मोजपट्टी घेतली आणि त्याचा डोंगर बसला. कोसळला नाही, आवाज झाला नाही. टेकलेलं माणूस उठून गेल्यावर गादी सपाट होते, तसा. बाईंनी मागच्या सगळ्या दुपारींचे कोरे नमुने एकेक करून उघडले आणि या खऱ्या डोंगराशेजारी ठेवले. एकेक करून सगळे झोपले. इतके दिवस त्या कुणाशी बोलत होत्या? जे कुणी होतं ते ताई नव्हतं, एवढं आता दिसत होतं. नाव नसलेलं ते काहीतरी रोज ताईच्या नावाला ओ देत होतं.

बाईंनी तिथूनच फोन लावला. सकाळीच पाठवलेली नवी खिडकी गृहस्थांनी उघडली होती. “शंभर म्हणजे त्याच आलेखातल्या सगळ्यात उंच बिंदूचे शंभर टक्के,” बाई म्हणाल्या. “तो बिंदू केवढा आहे ते कोपऱ्यात वाचा.” पलीकडून कळांची टकटक ऐकू आली.

“काहीच नाहीये,” गृहस्थ म्हणाले. “मॅडम, काहीच नव्हतं.”

“नव्हतं. दुसऱ्या कुणाकडून एकदा तपासून घ्या, विहिरी उघडा, मुलीला आणा.”

“हो.” मग म्हणाले, “एवढ्या दिवसांत मी त्याच्याशी बोलायला लागलो होतो, माहीत आहे?”

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सुईवालीनं मधल्या वेळात आणखी एक कोरा नमुना सोडला होता, नळी धुवायला म्हणून. बाईंनी सहज नजर टाकली आणि त्या पडद्याकडे वाकल्या. रेघ सपाट होती, फक्त एका जागी नव्हती. खऱ्या जागी. तिथे एक छोटासा, नीट बांध्याचा उंचवटा होता. कोपऱ्यातला आकडा लहान होता, पण केविलवाणा नव्हता.

“हे कोण?” बाईंनी विचारलं.

“तीच, मघाची गोळी. नळीला धरून राहते थोडी. खरी गेली ना आतून, म्हणून.” सुईवालीनं पुढचा नमुना सोडला. उंचवटा निम्मा झाला, जागा तसूभरही हलली नाही. “आणखी एकदा धुतलं की जाईल. धुऊ?”

बाईंनी स्टूल ओढलं आणि पडद्यासमोर बसल्या. बाहेर दुपार कलत होती, व्हरांड्यातून कुणाच्या तरी चपलांचा आवाज येऊन लांब गेला.

“धू,” त्या म्हणाल्या. “पण जरा बसू दे आधी.”